कै. रमाबाई रानडे आणि परिचर्येचा पेशा

आजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याची शुश्रूषा करणें ही गोष्ट आपल्या देशांत नवी नाहीं. प्रत्येक घरांत आई, आजी, थोरली बहीण किंवा एखादी विधवा आत्या हें काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. तापानें फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवावयाची, बाळंतिणीला शेक द्यावयाचा, अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचें मलमूत्र काढावयाचें, हें सर्व स्त्रियांच्या वांट्यास आलें व त्यांनीं तें निमूटपणें केलें. मग ह्या कामास पेशा म्हणण्याचें प्रयोजन काय? जें मायेनें घडतें, त्याला शाळा, परीक्षा आणि वेतन हवें कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत ज्यांनीं आपल्या कृतीनें दिलें, त्यांत कै. रमाबाई रानडे ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. यास्तव त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं लक्षपूर्वक वाचण्याजोगें आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं, सध्याच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे ह्या गांवीं, कुर्लेकर घराण्यांत झाला. त्या काळीं मुलींच्या हातीं पाटी-पुस्तक देणें बहुतेक कुटुंबांत अशुभ समजत असत. त्यामुळें माहेरीं त्यांना अक्षरओळखही झाली नाहीं. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशीं झाला. पुढें न्यायमूर्ति म्हणून सर्व हिंदुस्थानांत गाजलेल्या ह्या पुरुषानें आपल्या बालपत्नीस प्रथमपासूनच स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांना ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं. दिवसा घरकाम, टोमणे आणि अबोला सहन करावयाचा व रात्रीं पतीजवळ धडा म्हणून दाखवावयाचा, असा रमाबाईंचा क्रम कित्येक वर्षें चालला. उलट उत्तर न देतां, पण अभ्यासही न सोडतां, त्या मराठी व नंतर इंग्रजी शिकल्या. १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें. त्यासाठीं चाललेल्या खटपटींत रमाबाईंनीं भर सभेंत इंग्रजींतून निवेदन वाचलें. त्या दिवशीं घरीं त्यांच्या वांट्यास कौतुकापेक्षां रोषच अधिक आला. विद्या ही कष्टानें मिळते इतकेंच नव्हे, तर कधीं कधीं अपमान सोसूनच ती पदरांत पाडून घ्यावी लागते, हा अनुभव त्यांच्या मनांत खोल रुजला व पुढें इतर स्त्रियांच्या उपयोगी पडला.

१९०१ च्या जानेवारींत न्यायमूर्तींचें निधन झालें. सुमारें वर्षभर रमाबाईंनीं घराबाहेर पाऊल टाकलें नाहीं. तदनंतर मात्र त्यांनीं आपलें दुःख बाजूस सारून परक्यांचें दुःख जवळ केलें. त्या तुरुंगांतील स्त्रियांना भेटूं लागल्या व इस्पितळांतील रोग्यांना फळें, फुलें व पुस्तकें नेऊन देऊं लागल्या. ह्या भेटींचें मोल मोठें होतें. परंतु विचार करणाऱ्यास त्यांतील उणीवही सहज दिसेल. फळें देऊन पाहुणी निघून गेली, कीं रोग्यापुढें सबंध रात्र उभी असते. त्याला औषध वेळेवर कोण देणार? जखमेंत पू धरला हें प्रथम कोणाच्या ध्यानांत येणार? श्वास बदलला हें ओळखून डॉक्टरांस कोण उठविणार? दयाळू मन हें जाणूं इच्छितें. पण शिकलेलें मनच तें जाणूं शकतें.

ही उणीव केवळ आपल्याकडेच होती असें नाहीं. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत कुमारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेल्या, तेव्हां जखमांनीं मरणाऱ्या सैनिकांपेक्षां घाणीमुळें व संसर्गजन्य रोगांमुळें मरणारे सैनिक कितीतरी अधिक होते. नाइटिंगेलबाईंनीं रोग्यांची सेवा तर केलीच. परंतु पुढें मृत्यूंचे आंकडे मांडून सरकारला त्यांचीं कारणेंही दाखवून दिलीं. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. त्या दिवसापासून परिचर्या ही शिकण्याची व शिकविण्याची विद्या झाली.

आपल्या पुण्यासही ह्या विद्येची निकड फार होती. १८९६ पासून मुंबई इलाख्यांत प्लेगनें कहर मांडला होता. १८९७ सालीं सावित्रीबाई फुले ह्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतां त्याच रोगानें मृत्यु पावल्या. त्यांच्या धैर्याला तोड नाहीं. परंतु शहरावर असें संकट कोसळलें असतां, तें थोपविण्याचा भार दोन-चार वीरात्म्यांच्या बलिदानावर टाकून समाजानें स्वस्थ बसावें काय? शेंकडों रोग्यांना शेंकडों शिकलेले हात हवे असतात, आणि ते हात संसर्गापासून स्वतःसही राखणारे असावे लागतात.

१९०८ सालीं मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्यांनीं सेवासदन स्थापिलें व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या साह्यानें त्यांनीं पुण्यास सेवासदनाचें कार्य सुरू केलें. १९११ सालीं तेथें परिचर्येच्या शिक्षणाची योजना आंखण्यांत आली. सेवासदनानें विद्यार्थिनी मिळवाव्या, त्यांच्या राहण्याची व चालचलणुकीची काळजी घ्यावी, आणि ससून इस्पितळांत त्यांनीं प्रत्यक्ष शिक्षण घ्यावें, अशी ती व्यवस्था होती.

आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळीं ती डोंगर हलविण्यासारखी होती. नर्सचें काम हलकें, विटाळाचें आणि कुलीन स्त्रीला न शोभणारें, अशी समजूत घरोघर रुजली होती. इस्पितळांत सर्व जातींचे रोगी. त्यांचें अंग पुसावयाचें, त्यांचे घाण झालेले कपडे बदलावयाचे, रात्रीं घराबाहेर राहावयाचें! कोणते आईबाप मुलीला पाठवितील? कोणता दीर विधवा भावजयीस परवानगी देईल? आणि येथेंच एक विलक्षण विसंगति होती. त्याच विधवा भावजयीकडून घरांतील प्रत्येक आजारीपण, प्रत्येक बाळंतपण बिनबोभाट करून घेतलें जात असे. तेव्हां त्या कामास कोणी हलकें म्हणत नसे, कारण त्याला किंमतही नसे. तेंच काम शिकून, परीक्षा देऊन व वेतन घेऊन करावयाचें म्हटलें, कीं कुळाला बट्टा लागे. रमाबाईंनीं ही विसंगति ओळखून अशाच स्त्रियांना हातीं धरलें. ज्यांच्या हातांना समाजानें नुसती राबणूक दिली होती, त्या हातांना त्यांनीं विद्या दिली.

ह्या संबंधांत एक प्रसंग सांगतात. सेवासदनाच्या बक्षीससमारंभांत एक तरुण विधवा, काठ नसलेलें लुगडें नेसून व डोईवरून पदर घेऊन, बक्षीस स्वीकारण्यासाठीं व्यासपीठावर आली. तिला पाहून गॅलरींत बसलेल्या कांहीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली. रमाबाई स्वभावानें शांत व मितभाषी. परंतु समारोपास उभ्या राहिल्या तेव्हां त्यांचा संताप आवरेना. ज्या विधवेची टवाळी झाली तशीच एखादी दुर्दैवी बहीण, आत्या किंवा प्रत्यक्ष आई ह्या विद्यार्थ्यांच्या घरींही असेल, ह्याची त्यांनीं तीव्र शब्दांत जाणीव करून दिली. सभा स्तब्ध झाली. वस्तुतः त्या मुलीस मिळालेल्या बक्षिसाइतकेंच महत्त्व रमाबाईंच्या ह्या शब्दांना होतें. कारण ज्या कामाचा भर सभेंत उपहास होतो, तें काम चांगलीं माणसें फार दिवस पत्करीत नाहींत.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. परिचर्या खरा पेशा होते ती कशानें? पहिली गोष्ट ज्ञान. घडी ओली करून कपाळावर ठेवणें हें कोणीही करील. पण ताप किती वेळानें किती चढला, नाडीचा वेग कसा आहे, हें पाहून लिहून ठेवणें व त्याचा अर्थ समजणें हें शिक्षणाचें काम आहे. दुसरी गोष्ट नियम. आईची माया आपल्या मुलापुरती जागते. परिचारिकेला परक्याच्या मुलासाठीं, नांव-गांव, जात-पात न विचारतां, तितक्याच दक्षतेनें जागावें लागतें. मन प्रसन्न असो वा नसो, हात धुण्यांत व औषध मोजण्यांत कसूर होतां कामा नये. तिसरी गोष्ट जबाबदारी. परीक्षा उतरून जिनें प्रमाणपत्र घेतलें, तिच्या चुकीबद्दल तिला जाब विचारतां येतो. आणि जेथें जाब आहे तेथेंच विश्वास वाढतो. चौथी गोष्ट वेतन व मान. वेतन घेतल्यानें सेवेचें पावित्र्य उणें होतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्या विधवेला स्वतःच्या कमाईचा घांस मिळाला, ती कोणाच्या उपकारानें दबून नव्हे, तर ताठ मानेनें रोग्याजवळ उभी राहूं शकली. भुकेल्या व अपमानित माणसाकडून रात्रभराच्या सावध जागरणाची अपेक्षा करणें हा अन्याय होय. ह्या चारही गोष्टींच्या मुळाशीं दया हवीच; ती नसेल तर बाकीचें सर्व यंत्रवत् होईल. पण केवळ दयेवर रोगी बरा होत नाहीं.

रमाबाई १९२४ सालीं निवर्तल्या. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होऊन शिक्षणाची पातळी देशभर सारखी राखण्याची व्यवस्था झाली. आज परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांचा जी. एन. एम. व दोन वर्षांचा ए. एन. एम. अभ्यासक्रमही आहे, नोंदणीवांचून कोणासही हा व्यवसाय करतां येत नाहीं. मुलींप्रमाणें मुलगेही हें शिक्षण घेतात. पुण्याचें सेवासदनही आज उभें आहे.

आपलें कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान आणि प्राचीन जैन मंदिरांचें गांव. सेवा हा शब्द येथें कोणालाच परका नाहीं. परंतु पंचक्रोशींतील खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन बाळांस लस टोंचणारी, गरोदर स्त्रीची नोंद ठेवणारी परिचारिका जेव्हां आपल्या दारीं येते, तेव्हां तिला आपण बसावयास आसन देतों कीं उंबऱ्याबाहेरच उभी ठेवितों, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा. आमच्यापैकीं जे हा मार्ग धरतील, त्यांनीं शास्त्र मन लावून शिकावें. जे धरणार नाहींत, त्यांनीं निदान तो धरणाऱ्यांचा उपहास होऊं देऊं नये. रमाबाईंचें अर्धें कार्य शिकविण्याचें होतें व अर्धें ह्या उपहासाशीं झगडण्याचें होतें; ह्यांपैकीं दुसरें आपणां सर्वांच्या हातीं आहे.