गोल्फचा बॉल उजवीकडे का वळतो? फितीने फिरकी मोजणारे पीटर टेट

आज मोबाइलला जोडलेला लाँच मॉनिटर गोल्फ बॉलची फिरकी क्षणात सांगतो. पण मला जास्त कौतुक वाटतं ते हीच फिरकी साध्या फितीने मोजणाऱ्या पीटर टेट यांचं.

१८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले टेट १८६० पासून एडिनबरा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. गोल्फचं भारी वेड! त्यांनी लांब फितीचं एक टोक बॉलला, दुसरं जमिनीला बांधलं, बॉल मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. उलटी फिरकी बॉलला हवेत तोलून धरते, हे त्यांनी दाखवलं.

फिरकीचा अक्ष कलला की बॉल बाजूला वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल असा उजवीकडे गेला, तर तो स्लाइस. कारण, बॉलला लागताना क्लबचा फेस स्विंगच्या दिशेपेक्षा उजवीकडे वळलेला असतो. उपाय? दोन्ही हात ग्रिपवर थोडे उजवीकडे फिरवून धरा. फेस वेळेत सरळ व्हायला मदत होते.

टेट यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर चॅम्पियन झाला. १९०० मध्ये तो बोअर युद्धात मारला गेला. पुढच्याच वर्षी टेटही गेले. फिरकीचा हिशोब मात्र आजही आपल्या स्क्रीनवर चालूच आहे.