वाया जाणाऱ्या धुराच्या मागे तो २० वर्षं लागला, म्हणून आज भरलेला ट्रक घाट चढतो

भरलेला ट्रक घाट चढत असतो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि अचानक फट्ट असा आवाज येतो. मग नुसतीच फुसफुस. मागून काळा धूर निघतो आणि गाडीचा पिकअप एकदम पडतो. मागे गाड्यांची रांग लागते. केबिन उचलून बघितलं तर टर्बो आणि इंटरकूलरच्या मधला होज पाइप निसटलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, हातभर रबरी पाइप निसटला तर एवढं धूड लुळं कसं पडतं? ते समजून घ्यायचं तर स्वित्झर्लंडच्या एका इंजिनिअरची गोष्ट माहीत पाहिजे. त्याचं नाव आल्फ्रेड ब्युची. टर्बोचार्जरचा जनक म्हणून जग त्याला ओळखतं.

ब्युचीचा जन्म ११ जुलै १८७९ चा, विंटरथूर या गावातला. हे गाव म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथल्या सुल्झर या मोठ्या इंजिन कंपनीत त्याचे वडील वरच्या हुद्द्यावर होते, त्यामुळे यंत्रांचं वेड घरातूनच आलं. पुढे त्यानं झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून १९०३ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि नोकरीसाठी बेल्जियम, इंग्लंड गाठलं.

तिथं एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे तशीच बाहेर जाते. धूर गरम असतो, वेगात असतो आणि आपण तो हवेत सोडून देतो. ही सरळ सरळ उधळपट्टी होती.

इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते, हे डाइमलर आणि डिझेल या मंडळींनी आधीच ओळखलं होतं. अडचण अशी की हवा कोंबणारा पंप चालवायला इंजिनाचीच ताकद खर्च व्हायची. ब्युचीनं विचार केला, हा पंप फुकटच्या धुरावर चालवला तर?

धुराच्या वाटेत एक पंखा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा दुसरा पंखा. धूर पहिला पंखा फिरवणार, त्याच्याबरोबर दुसरा फिरून इंजिनात हवा कोंबणार. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यानं जर्मनीत याचं पेटंट नोंदवलं. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २६ वर्षं.

कागदावर सगळं जमलं होतं. खरी परीक्षा पुढे होती.

काही वर्षांनी तो गावी परतून सुल्झरमध्येच लागला. १९११ मध्ये कंपनीनं या प्रयोगांसाठी वेगळी सोय उभी केली. पण पेटत्या धुराच्या तापमानात टिकेल असा धातू तेव्हा सहज मिळत नव्हता, आणि त्या काळचे पंखे हवा दाबण्यात कमी पडायचे. १९१५ मध्ये तयार झालेल्या नमुन्याला हवेचा दाब सारखा राखता आला नाही. तो कुणाला पसंत पडला नाही.

वर्षामागून वर्षं गेली. पेटंट होतं, पण विकण्यासारखं यंत्र नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. ब्युचीनं चूक नेमकी कुठं होतेय ते शोधलं.

प्रत्येक सिलिंडरमधून धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो. सगळ्यांचा धूर एकाच पाइपात सोडला की एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून त्यानं सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचा पाइप वेगळा टर्बाइनपर्यंत नेला. शिवाय आत येणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले, म्हणजे ताजी हवा उरलासुरला धूर ढकलून देते आणि सिलिंडरही थंड करते.

आणि जमलं! प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या १० सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना हे टर्बो बसले. १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० हॉर्सपॉवर देऊ लागलं. हे १९२५-२६ च्या सुमाराचं, म्हणजे पेटंटनंतर तब्बल २० वर्षांनी.

मग जहाजं, रेल्वे इंजिनं, वीजनिर्मिती असा टर्बो पसरत गेला. १९३८ मध्ये सॉरर या स्विस कंपनीनं ट्रकसाठी टर्बोवालं इंजिन आणलं. ब्युची तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. १९५९ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी तो गेला.

आता परत घाटातल्या ट्रककडे येऊ.

आजच्या ट्रकमधला टर्बो मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो. हवा दाबली की ती तापते, जोर लावताना १५० अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती आधी इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनात सोडतात. या सगळ्या वाटेला जोडतात ते होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा. कारच्या टायरमध्ये असतो जवळपास तेवढा दाब त्यांना रोज झेलावा लागतो.

पाइप निसटला किंवा चिरला की दाबलेली हवा रस्त्यातच निघून जाते. इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि एव्हरेज पडतं. गळती भरून काढायला टर्बो जास्त जोरात पळतो आणि लवकर झिजतो. गळती एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधली असेल तर धूळ थेट पंख्याच्या पात्यांवर जाते.

त्यामुळे गाडी तुमची असो की मालकाची, इंजिन थंड असताना एवढं बघाच :

– होज दाबून बघा. फुगलेला, लिबलिबीत किंवा चिरलेला असेल तर बदला.
– पाइप कुठं घासतोय का ते बघा.
– जोडाच्या आत तेल असेल तर दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा. तेलकट जोड क्लिप आवळली तरी निसटतो.
– क्लिप पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. अति आवळू नका, होज कापला जातो.
– थोडं तेल चालतं. पण होजमध्ये तेल साचलेलं दिसलं तर आधी टर्बो दाखवा.

क्लिप बदलायला फार खर्च येत नाही, टर्बो बदलायला येतो. ज्या हवेसाठी ब्युचीनं २० वर्षं घालवली, ती एका ढिल्या क्लिपेतून घालवू नका.