जालन्याची स्वारी आणि खांदेरीचे आरमार

शिवछत्रपतींचे आजोळ सिंदखेड जालन्यापासून जवळच. पण १६७९ च्या नोव्हेंबरात महाराज जालन्यावर चालून आले, ते मोगलांच्या मुलखावरील स्वारीसाठी. दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता. त्याला मागे खेचायचे, तर मोगली मुलखात खोलवर घाव घालणे भाग होते. जालना ही व्यापाऱ्यांची धनवान पेठ. सुमारे चार दिवस ती लुटली गेली. त्या लुटीची झळ जालनेकरांनी सोसली, हेही विसरता येत नाही.

याच दिवसांत दीडशे कोसांच्या आत, कोकण किनाऱ्यावर, महाराजांची दुसरी लढाई चालू होती. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी याने त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस तट बांधायला घेतला होता. बेटावर मराठ्यांचा तोफखाना आला, तर मुंबईची ये-जा त्यांच्या नजरेखाली येणार, हे कंपनी सरकारने तत्काळ ओळखले. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराची इंग्रजांशी गाठ पडली. ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. मात्र ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढे मराठी आरमाराला माघार घ्यावी लागली. तरीही रात्रीच्या अंधारात होड्या रसद घेऊन बेटावर पोहोचतच राहिल्या.

हे आरमार एका दिवसात उभे राहिले नव्हते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच महाराजांनी जहाजबांधणी आरंभिली. रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजाच्या हाताखालील कारागीर त्या कामी लागले होते. पण पोर्तुगीज सत्तेच्या भयाने ते काम सोडून निघून गेले. काम थांबले नाही. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि पुढच्याच वर्षी महाराज स्वतः जहाजावर चढून बसरूरच्या मोहिमेवर गेले. डोंगरी राजाच्या आयुष्यातील हा विलक्षण प्रसंग!

या जहाजांची बांधणी किनारा ओळखून केलेली असे. गुराबांना दोन-तीन डोलकाठ्या, नाळेवर तोफा. गलबते लहान, वल्ह्यांवरही चालणारी. दोहोंचा तळ उथळ, त्यामुळे वारा पडला की अवजड इंग्रजी जहाजे जागीच खिळत आणि ही खाड्यांत शिरत. भर समुद्रात मात्र ती तोकडी पडत. ‘गुराब’ हे नाव अरबी. त्याचा मूळ अर्थ कावळा.

जालन्याहून परतताना संगमनेरजवळ रणमस्तखानाने मराठ्यांना गाठले. सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकाने आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर पोहोचविले, म्हणून महाराज बचावले; त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी खांदेरीचा हट्ट सोडला. ३ एप्रिल रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले.

त्यांच्या नावाची योजना पुढे नौदलाने केली, ती गंमत म्हणावी अशी. लोणावळ्याच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेला ‘शिवाजी’ हे नाव फेब्रुवारी १९४५ मध्ये लाभले, म्हणजे इंग्रजांच्याच अमलात. किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखे नाव देण्याची नौदलाची रीत आहे. जहाजांची यंत्रे शिकविणाऱ्या संस्थेला ते नाव शोभूनही दिसते.

‘खांदेरी’ हे नाव मात्र पाण्याखाली गेले. त्या नावाची पहिली पाणबुडी १९६८ मध्ये सेवेत आली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. दुसरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. ती बांधली गेली मुंबईच्या माझगाव गोदीत. ज्या मुंबईतून १६७९ मध्ये इंग्रजी जहाजे खांदेरीवर चालून गेली होती, तिथेच.