गद्यनट कै. चिंतामणराव कोल्हटकर

संगीत नाटकाचा विषय निघाला की आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखी प्रथम गायकांचीच नावे येतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्याच्या गळ्यात गाणे नाही, अशा नटाने त्याच रंगभूमीवर प्रेक्षकांना आपलेसे करावे, ही गोष्ट आम्हांस अधिक कौतुकाची वाटते. कै. चिंतामणराव कोल्हटकर हे अशा नटांत अग्रगण्य होत. त्यांच्या चरित्राची थोडी ओळख वाचकांस, विशेषतः तरुण पिढीस, करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू.

चिंतामणरावांचा जन्म 1891 सालचा. तरुणपणीच ते नाटकधंद्यात शिरले आणि पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. गडकऱ्यांच्या 'पुण्यप्रभाव' नाटकातील वृंदावन या खलपुरुषाच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोचवावा लागे. गायकाला 'वन्स मोअर' मिळे व पदामागून पद रंगे. अशा वेळी थबकलेले कथानक पुन्हा हाती घेऊन पुढे नेणे, हे गद्यनटाचे काम. ते साधले नाही तर नाटकाची नुसती गाण्याची बैठक व्हायची!

1918 साली मास्टर दीनानाथ, कृष्णराव कोल्हापुरे व चिंतामणराव यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथांचा अलौकिक गळा आणि चिंतामणरावांचा अभिनय हे या संस्थेचे दोन आधारस्तंभ ठरले. गडकऱ्यांनी 'भावबंधन' नाटक अखेरच्या आजारात, मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पुरे केले. 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बळवंत मंडळीने ते रंगभूमीवर आणले. लतिकेच्या उपहासाने दुखावलेला व सूडाने पेटलेला घनश्याम चिंतामणरावांनी असा उभा केला की, ही भूमिका व त्यांचे नाव कायमचे एकत्र जोडले गेले. खलपुरुष रंगवताना त्याच्या मनातील जखमही प्रेक्षकांस दिसावी, यातच त्यांचे खरे कौशल्य होते.

पुढे 1927 साली वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' व 1931 साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' ही नाटके याच संस्थेने केली. परंतु बोलपट आला आणि नाटकगृहे ओस पडू लागली. मंडळीने स्वतःच बोलपटात उडी घेतली. 1934 सालचा 'कृष्णार्जुन युद्ध' हा त्यांचा बोलपट. ते साहस अंगलट आले, आणि सोळा वर्षांचा मांडलेला संसार मोडला. 1942 साली दीनानाथही निवर्तले.

चिंतामणराव मात्र खचले नाहीत. रंगभूमीवरील आयुष्य त्यांनी 'बहुरूपी' या आत्मचरित्रात साठवून ठेवले. 1957 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला व 1958 साली 'बहुरूपी'स साहित्य अकादमीने गौरविले. नट आणि लेखक अशा दोन्ही नात्यांनी राष्ट्रीय सन्मान मिळण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्यास येते? 1959 साली ते कैलासवासी झाले. त्यांचे चिरंजीव चित्तरंजन कोल्हटकर यांनीही नटाचा वारसा समर्थपणे चालविला.

आज ठाण्यात 1978 साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन आहे, कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. गडकऱ्यांच्या नावाच्या वास्तूत आपण पाऊल टाकतो, तेव्हा त्यांच्या शब्दांना वाचा देणाऱ्या या नटाचेही स्मरण व्हावे. आपल्या मुलामुलींपैकी एखाद्यास गाता येत नसेल, तर त्याने रंगभूमीकडे पाठ फिरवू नये. चिंतामणरावांचे चरित्र त्यास धीर देण्यास पुरेसे आहे. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.