चुंबकसूचीचे राखणदार नानाभाई मूस

सूर्यापासून अखंड वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत म्हणजे सौरवात. त्याचा जोर वाढला की पृथ्वी व शनीसारखे ग्रह अधिक प्रखर रेडिओ लहरी सोडतात. पृथ्वीच्या या लहरी आयनांबरामुळे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. त्याच वादळाने होणारी चुंबकसूचीची थरथर मात्र येथे टिपता येते. मुंबईतील ती नोंद खंडित होऊ न देण्याचे श्रेय नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचे.

१८५९ मध्ये जन्मलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. लवकरच मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने सारी मोजमापे निकामी झाली असती. मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. खरी दूरदृष्टी पुढेच दिसते. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणूनच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. १९०७ मध्ये ट्राम धावली.

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे त्यांचे दोन खंड १९१० मध्ये निघाले. १९३६ मध्ये मूस निवर्तले. सौरवाताचा सिद्धांत युजीन पार्कर यांनी मांडला तो १९५८ मध्ये. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तीव्रता २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरवली, ती कुलाब्याच्याच नोंदींवरून: सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट. योगायोग असा, की ते मूस यांचे जन्मवर्ष होते.