स्मृती हरपलेल्यांचा वैद्य

घरातील वृद्ध माणूस एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारू लागला, जेवून उठल्यावर पुन्हा पान मागू लागला, की साठी बुद्धी नाठी असे म्हणून घरचे लोक मोकळे होतात. कधी हसतात, बहुधा रागावतात. या समजुतीला ज्या वैद्याने शास्त्रीय छेद दिला, त्याचे नाव आज जगाच्या तोंडी आहे. पण ते रोगाचे नाव म्हणून. माणूस मात्र अपरिचितच राहिला.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्कटब्राइट या लहानशा गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या नगरपालिकेच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याची रीत तेव्हा युरोपात पुष्कळ ठिकाणी टिकून होती. संचालक एमिल सिओली, अल्झायमर आणि त्यांचे सहकारी फ्रान्झ निस्ल यांनी बळजबरी शक्य तितकी टाळण्याचे धोरण अंगीकारले. कोमट पाण्याचे दीर्घ स्नान, मोकळी हवा आणि रुग्णाशी संभाषण ही त्यांची साधने होती.

१९०१ च्या फेब्रुवारीत अल्झायमर यांच्या पत्नीचे निधन झाले. मागे तीन लहान मुले उरली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. नवऱ्याविषयी अकारण संशय, वस्तू लपवून ठेवणे, स्वत:च्याच घरात वाट चुकणे अशी तिची लक्षणे होती. दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्याजवळ बसले. त्यांनी तिचे नाव विचारले, तिने ते सांगितले. पतीचे नाव विचारले, तेव्हाही तिने स्वत:चेच नाव सांगितले. नाव लिहावयास सांगितले तर ती मध्येच अडखळली आणि आपण स्वत:लाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे काही बोलली. एका असंबद्ध बोलणाऱ्या बाईचा शब्द न् शब्द डॉक्टरने टिपून ठेवावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

पुढे ते हायडेलबर्गमार्गे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. पण या रुग्णाची विचारपूस त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती निवर्तली, तेव्हा सिओलींनी तिची कागदपत्रे व मेंदू म्युनिकला धाडला. सूक्ष्मदर्शकाखाली अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले कण आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकपदी जाताना ते आजारी पडले, आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ऑगस्टेची हरवलेली कागदपत्रे फ्रँकफर्टमध्ये सापडली, ती थेट १९९५ मध्ये.

अल्झायमर यांना या रोगावर औषध सापडले नाही. आजही तो समूळ बरा करणारा उपाय नाही. काही नवी औषधे प्रारंभीच्या अवस्थेत त्याची गती थोडी मंदावतात, इतकेच. मात्र स्मृतिभ्रंशाची पुष्कळशी प्रकरणे टाळता अथवा लांबवता येण्याजोगी असतात, असे २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने दाखवून दिले. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, बहिरेपण व दृष्टिदोषांवर वेळीच इलाज, धूम्रपानाचा त्याग, चालणेफिरणे आणि माणसांची संगत हे त्याचे मार्ग होत. त्यांत घराच्या आवाक्याबाहेरचे फार थोडे आहे.

भारतात साठी उलटलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते आणि तिचा भार बव्हंशी पत्नी, सून अथवा मुलीवर पडतो. त्यांना दिवसभराची विसावा केंद्रे, प्रशिक्षित परिचारिका आणि शेजाऱ्यांचा हातभार मिळणे, ही कुटुंबाची खाजगी बाब मानून शासनाला व समाजाला हात झटकता येणार नाहीत. रुग्ण हट्टी नाही, त्याचा मेंदू रोगग्रस्त आहे, हे सूक्ष्मदर्शकाने सिद्ध करून शतक उलटले. त्यापूर्वी पाच वर्षे अल्झायमर त्या बाईशेजारी बसून तिचे उत्तर धीराने ऐकत होते. त्या बैठकीला ना यंत्र लागले, ना औषध. एवढे तरी प्रत्येक घरात आजच शक्य आहे.