विश्लेषण: बिअरमध्ये संत्र्याची साल, दारावर ‘परमिट रूम’… यात मोरारजी देसाई कुठून आले?

लोअर परळच्या गिरणी कंपाउंडमधल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत गेलात, तर मेन्यूवर ‘बेल्जियन विट’ हे नाव बहुतेक वेळा दिसतं. उंच ग्लास, धुरकट पिवळा रंग, वर दाट पांढरा फेस आणि काठाला संत्र्याची चकती. ही बिअर जिथे बनते आणि विकली जाते, त्या जागेला परवाना मिळतो तो मात्र दारूबंदीच्या कायद्याखाली. कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही रद्द झालेला नाही. मुंबईच्या दारूच्या प्रत्येक ग्लासामागे हा कायदा आहे आणि कायद्यामागे ज्यांचं नाव आजही पटकन आठवतं ते आहेत मोरारजी देसाई. एका माणसाच्या वैयक्तिक शिस्तीचा अख्ख्या शहराच्या सवयींशी कसा सामना झाला, त्याची ही गोष्ट.

आधी ग्लासात काय आहे ते पाहू…

नेहमीची लागर बिअर बार्लीच्या माल्टपासून बनते. विटमध्ये बार्लीच्या जोडीला भरपूर गहू असतो, तोही बहुधा मोड न आणलेला. गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट यामुळे ती पारदर्शक दिसत नाही. उकळीच्या शेवटी तिच्यात संत्र्याची वाळलेली साल आणि भरडलेले धने पडतात. हो, आपल्या मसाल्याच्या डब्यातले धनेच. धन्याच्या वासातलं मुख्य द्रव्य लिनालूल. ते लिंबूवर्गीय फळांतही थोडंफार असतं, म्हणून धने आणि संत्रं एकमेकांना पूरक ठरतात. पहिला घोट घेण्याआधी वास घ्यावा. आधी साल जाणवते, मग मागून किंचित तिखटसर, फुलासारखा गंध येतो. कडवटपणा नावापुरता. अल्कोहोल साधारण ५ टक्के. जर्मन हेफेवायझेनही गव्हाचीच, पण तिच्यात मसाला नसतो. तिचा केळ्या-लवंगेचा वास यीस्टमधून येतो.

गंमत म्हणजे १९५० च्या दशकात ही विट बिअर बेल्जियममध्येच नामशेष झाली होती. पुढच्या दशकात होगार्डन गावच्या पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा बनवायला घेतली. ती तिकडे संपत होती त्याच वर्षांत इकडे मुंबईत बिअर बाळगणं हाच गुन्हा होता.

चौपाटीसमोरच्या कॉलेजातला विद्यार्थी

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेली गावातला. वडील रणछोडजी शिक्षक. मोरारजी पंधरा वर्षांचे असताना, त्यांच्या लग्नाच्या तोंडावरच, वडील गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार या मुलावर आला. मॅट्रिकनंतर ते मुंबईत आले आणि गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकले. पैसे नव्हते, म्हणून राहणं-जेवण गोकुळदास तेजपाल बोर्डिंगमध्ये. काटकसर हा तेव्हा त्यांच्यासाठी आदर्श नव्हता, ती गरज होती. पुढे गरज संपली, काटकसर राहिली.

१९१८ मध्ये ते प्रांतिक नागरी सेवेत रुजू झाले आणि बारा वर्षं त्यांनी इंग्रज सरकारची नोकरी केली. १९३० मध्ये डेप्युटी कलेक्टरच्या पदाचा राजीनामा देऊन ते सविनय कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. एव्हाना त्यांची दिनचर्या ठरून गेली होती: पहाटे उठणं, सूतकताई, साधा शाकाहार, तिशीतच घेतलेलं ब्रह्मचर्याचं व्रत. त्यांच्या आवडत्या पेयाबद्दल पुढे देशभर जे विनोद झाले, ते वाचकांना माहीत आहेतच. इथे त्यात शिरत नाही.

दारूबंदी एकट्या मोरारजींची होती का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना कार्यक्रम. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा उत्पादन शुल्क खातं डॉ. एम. डी. डी. गिल्डर या पारशी हृदयरोगतज्ज्ञाकडे होतं. मोरारजी महसूलमंत्री होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर १० टक्के कर बसला. दारूच्या धंद्यात असलेले आणि घरं-चाळींचे मालक असलेले अनेक पारशी साहजिकच चिडले. काही महिन्यांत महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला.

या धोरणामागे खरी कळकळ होती. गिरणगावात पगाराच्या दिवशी घरी पैसे पोहोचण्याआधी गुत्त्यात पोहोचायचे. पठाणाचं व्याज, गुत्तेवाल्याची उधारी आणि दहा बाय दहाच्या खोलीत वाट पाहणारी बायको-मुलं, हे चित्र लालबाग-परळच्या अनेक घरांत होतं. दारूबंदीची मागणी करणाऱ्यांना आज सहज वेड्यात काढलं जातं. तेव्हाच्या चाळीतल्या बाईला विचारलं असतं, तर तिने वेगळं सांगितलं असतं.

१९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि मोरारजींकडे गृह आणि महसूल ही खाती आली. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० रोजी संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. दांडीला मिठाचा कायदा मोडला तीच ही तारीख. कायदा मंत्रिमंडळाचा असला, तरी छापे घालणारे पोलीस गृहमंत्र्यांचे होते. लोकांच्या लेखी दारूबंदी म्हणजे मोरारजी झाली ती यामुळे.

मग कोर्टात काय झालं?

फ्राम बलसारा या मुंबईकराने कायद्याला आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, बिअर जवळ बाळगण्याचा, पिण्याचा आपला हक्क मान्य करावा, ही मागणी. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य गाभा वैध ठरवला, मात्र काही कलमं रद्द केली. अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी प्रसाधनं बंदीतून सुटली. थोडक्यात, कोलनची बाटली बाळगायला मोकळीक मिळाली, बिअरच्या बाटलीला नाही.

कायद्यातच एक फट होती: परवाना. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरचा दाखला आणून परमिट काढता येत असे. परदेशी नागरिकांसाठी वेगळी सोय होती. मलबार हिलवरच्या माणसाला डॉक्टर ओळखीचा असायचा. लालबागच्या साचेवाल्याला कोण दाखला देणार? त्याच्यासाठी हातभट्टी होती. गूळ आणि नवसागर घालून सडवलेला माल, वास मारायला फळांच्या साली, आणि ने-आण करायला टायरच्या रबरी ट्यूब. विक्री नवटाक-पावशेरच्या मापाने. गिरगाव, धोबीतलाव, माझगावच्या गल्ल्यांत घराच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसवणारे ‘आंटीचे अड्डे’ उभे राहिले. पोलिसांचे हप्ते ठरले. बंदीच्या पैशावर मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांची पहिली मोठी पिढी पोसली गेली. माझ्या मते या कायद्याचा सगळ्यात महागडा परिणाम हाच.

माड चढणाऱ्या भंडाऱ्यांचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. दादर-माहीमच्या वाड्यांतली माडी हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. तो रातोरात बेकायदा झाला. सरकारने न आंबवलेल्या नीरेला उत्तेजन दिलं. मुंबईची नीरा केंद्रं ही त्या धोरणाची खूण. पण नीरा सकाळी लवकर प्यावी लागते. ऊन चढलं की ती स्वतःच माडी व्हायला लागते, निसर्गाला कायदा कळत नाही.

मराठी माणसाला मोरारजी कशासाठी आठवतात?

दारूसाठी नाही. १९५२ च्या निवडणुकीत ते स्वतः अवघ्या १९ मतांनी हरले, तरी मुख्यमंत्री झाले. २० नोव्हेंबर १९५५ ची त्यांची आणि स. का. पाटलांची चौपाटीवरची सभा संतप्त जमावाने उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा गिरगाव, लालबाग, परळ पुन्हा पेटलं आणि पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, त्यातले अनेक गिरणगावातले. ज्या कामगाराचा पगार वाचवायला दारूबंदी आणली, त्याच कामगारावर त्याच सरकारच्या पोलिसांनी बंदूक रोखली. हुतात्मा चौकातून जाणारा मराठी माणूस मोरारजींना माफ करत नाही, ते म्हणूनच.

स्वभावाचा धागा दोन्हीकडे एकच दिसतो. एकदा पटलं की मागे हटायचं नाही. १९५६ मध्ये ते दिल्लीला गेले. अर्थमंत्री असताना १९६३ मध्ये त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. सोनारांची घरं बसली आणि समुद्रमार्गे येणाऱ्या सोन्याच्या तस्करीला जोर आला. नमुना ओळखीचा वाटतोय ना? पण हाच ताठपणा आणीबाणीत कामी आला. ऐंशीच्या घरातला हा माणूस १९ महिने स्थानबद्धतेत राहिला आणि वाकला नाही. मार्च १९७७ मध्ये ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाल्यावर चार वर्षांत देशभर दारूबंदीचं लक्ष्य त्यांच्या सरकारने जाहीर केलं. जुलै १९७९ मध्ये सरकारच गेलं.

बंदी सैल झाली कशी?

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने टप्प्याटप्प्याने पेच सैल केला. कायदा मात्र रद्द केला नाही. बंदी तशीच ठेवून परवाने वाटायला सुरुवात केली. परमिट असलेल्यांनाच दारू देता येईल अशी खोली, ती परमिट रूम. तत्त्वतः आजही पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा परवाना कित्येक वर्षं ५ रुपयांना होता. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक दारूसाठी २५.

गिरणगावात देशी दारूची सरकारमान्य दुकानं आली. तिथल्या बाटल्यांवरची नावं आठवा: संत्रा, मोसंबी, नारंगी. लिंबूवर्गीय स्वादाची दारू परळला नवी नाहीच. पाळी सुटल्यावर कामगार तीच प्यायचा, सोबत चणे किंवा उकडलेलं अंडं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. काही वर्षांत ते लोण मुंबईत पोहोचलं, आणि पोहोचलं ते लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवरच. संत्रा तिथे परत आला, धने सोबत घेऊन. फक्त एका ग्लासाच्या पैशांत देशीच्या कित्येक बाटल्या येतील.

सत्ता गेल्यावर मोरारजी मुंबईतच राहिले, मरीन ड्राइव्हवरच्या फ्लॅटमध्ये. १९९१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १० एप्रिल १९९५ रोजी, शंभरीला एक वर्ष कमी असताना, मुंबईतच त्यांचं निधन झालं. त्यांच्या कायद्याच्या नावातला मुंबई शब्द नंतर बदलून महाराष्ट्र झाला. दारूबंदी हा शब्द तसाच आहे.

गुजरातने तोच १९४९ चा कायदा घेतला आणि बंदीही ठेवली. त्यामुळे मोरारजींच्या वलसाडमध्ये आजही विट बिअर मिळणार नाही. मात्र जिल्ह्याच्या शेजारीच केंद्रशासित दमण आहे. तिथे बंदी नाही, आणि शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्याला गर्दी असते.